रिकाम्या कपॅसिटरवरचा आकडा

मी वायरवाला माणूस. जिथे करंट नाही तिथे काही चालत नाही, एवढंच माझं अध्यात्म! भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. आता हे वाचून तुम्ही माझी केलीत तर राग नाही...

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं कार ऑडिओचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात भर दुपारी मालेगावचे शकीलभाई धाकट्या भावाची गाडी टोचन लावून, ओढत घेऊन आले. त्यांचे यंत्रमाग आहेत. भाऊ, इम्रान, वर्षापूर्वी याच गाडीत हायवेच्या कडेला गेला. अटॅक, असं डॉक्टर म्हणाले होते.

"भाऊ, ते आवाजाचं सगळं काढून टाका. गाडी विकायची हाय. अम्मी बघते अन् रडत बसते." एवढं बोलून ते नमाजाला गेले.

ती सिस्टिम मीच बसवली होती. इम्रानला बेसचं भारी वेड. दणका आला की हेडलाइट मिचमिच करायचे, म्हणून मी मागच्या सीटच्या पाठीमागे कपॅसिटर टाकला होता – थर्मासएवढा डबा, वर व्होल्टेजचे निळे आकडे. करंट साठवून ठेवतो आणि बेसच्या वेळी एका दमात सोडतो.

असा डबा काढण्याआधी त्याला बल्ब जोडून रिकामा करायचा, ही आमची रीत. गाडीत बॅटरीच नव्हती, तरी सवयीने बल्ब लावला. पेटला नाही. म्हणजे डबा कोरडा ठाक.

रस्त्यावर दार उघडं ठेवलं की रिक्षावाले शिव्या घालतात, म्हणून दारं ओढून मागच्या सीटवर बसलो आणि कार्पेट उचललं. खालची जाड वायर वितळून पत्र्याला चिकटली होती.

या वायरला बॅटरीपाशी मोठा फ्यूज लागतोच; तो नसला की शॉर्ट होऊन वायर जळते आणि लॉकं-काचा सगळं जाम होतं. सिस्टिम बसवली त्या दिवशी माझ्याकडे नव्हता. "पुढच्या आठवड्यात ये, लावून देतो," म्हणालो होतो. इम्रान आला नाही, आणि मीही फोन केला नाही...

खट्! चारही दारांची लॉकं एकदम खाली गेली.

हँडल ओढलं, लॉकची खुंटी नखांनी उपसून पाहिली. हलेना. मागे वळलो तर कपॅसिटरवर आकडा – १२.४. बॅटरी नसलेल्या गाडीत!

काचा बंद, वर मे महिन्याचं ऊन, मोबाइल दुकानात चार्जिंगला. मी काचेवर बुक्क्या मारायला लागलो. पंधरा पावलांवर चहावाला रमेश उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, तालावर मान हलवली... आणि परत चहा गाळायला लागला.

श्वास पुरेना. आपण इथेच मरणार, हे मला स्वच्छ कळलं. आकडा तसाच. शेवटी जिवाच्या आकांताने ओरडलो, "इम्रान, फ्यूज मी लावला नव्हता! चूक माझी आहे. तुझ्या भावाला सांगतो... शप्पथ सांगतो!"

खट्. लॉकं वर आली. आकडा विझला. मी रस्त्यावर जवळजवळ पडलोच.

रमेश पाणी घेऊन धावला. "काय शेठ! मला वाटलं, बेस चेक करताय."

शकीलभाई परत आले. खोटं कशाला बोलू, गप्प बसावं असंच वाटत होतं. गाडी विकली गेली असती, कोणाला कळणार होतं? पण शपथ घेतली होती. वायर दाखवली, सगळं सांगितलं. ते मारतील अशी तयारी ठेवली होती. ते खाली वाकले आणि जळक्या वायरवर बोट फिरवलं.

"म्हणजे तो आत अडकला होता," ते म्हणाले. "तिथला ढाबेवाला बोलला होता मला. गाडीतून धपधप आवाज येत होता. त्याला वाटलं, पोरगं गाणे वाजवतंय."

गाडी त्यांनी विकली नाही. काही न काढता तशीच परत नेली.

तो आकडा कुठून आला, याचा हिशेब माझ्या विद्येत बसत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या बसत असेल तर सांगा. मला एवढंच कळतं – दुकानासमोर एखाद्या गाडीतून धपधप ऐकू आली की हातातलं काम टाकून मी उठतो... आणि काचेला डोळे लावून आत बघतो.