डहाणूच्या खाजणातला अख्खा किडा

नाशिकहून जव्हारमार्गे डहाणूला जाणारी सकाळची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत फॉर्मालिनची बाटली, चिमटे आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची नवी लेक्चरर होते आणि आमच्या विभागप्रमुख देवरेबाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांच्या कपाटातल्या बरणीत डहाणूला सापडलेल्या एका समुद्री किड्याचं अर्धंच शरीर सहा वर्षं पडून होतं. गांडुळासारखी वळी, पण प्रत्येक वळ्याला राठ केसांचे झुबके. कुठल्याच ग्रंथातल्या वर्णनाशी तो जुळत नव्हता. पण डोकं नसताना नवी जात म्हणून जाहीर तरी कसा करणार?

"डोकं घेऊन ये गं," निघताना बाई एवढंच म्हणाल्या.

घाटातल्या वळणांनी माझा जीव नकोसा केला. शेजारच्या आजींनी लिंबू हुंगायला दिलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

डहाणूला ओहोटीची वेळ साधून दोन दिवस खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत) खणलं. तीन किडे सापडले. तिन्ही हातात तुटले; शेपूट माझ्याकडे, डोकं चिखलात.

जवळच तिथल्याच एक मासेमार बाई, जानकीबाई, गळाला लावायचे किडे काढत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ओढतेस कशाला बाय? घाबरला का तो आपणच तुटतो."

"मग काढायचा कसा?"

त्यांनी फावड्याने बिळाभोवतीचा चिखलाचा गड्डाच उचलला, खाऱ्या पाण्याच्या घमेल्यात ठेवला आणि स्वस्थ बसल्या. मला भाकरी-सुकट दिलं. चिखल हळूहळू विरघळला आणि वीतभर लांबीचा हिरवट किडा डोक्यासकट बाहेर आला.

"आम्ही हा नेत नाय," त्या म्हणाल्या. "असाच दुसरा असतो, त्याला मासा गिळतो. याला तोंड लावत नाय."

देवरेबाई सहा वर्षं ज्यावर अडल्या होत्या, ते, म्हणजे ही जात निराळी आहे हे, जानकीबाईंना माशांनी कधीच सांगून टाकलं होतं.

नाशिकला परतल्यावर देवरेबाईंनी तासाभराने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "जबडे वेगळे आहेत. हा वेगळाच आहे गं," म्हणाल्या आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

खात्री करण्यात, लॅटिन नाव ठरवण्यात आणखी दोन वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्यावर शोधनिबंध छापून आला. आभारात जानकीबाईंचं नाव आहे. आता देवरेबाई नाहीत. निबंध उघडला की त्या दिवसांची आठवण येते आणि एक रुखरुख लागते. जानकीबाई त्या किड्याला काय म्हणत, हे मी विचारलंच नाही.