विहिरीपर्यंतची पट्टी

इंजिनीअर रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. काम एकच, सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे. त्याच कामावर शारजाहपासून तासाभरावरच्या वाळवंटात गेलो. आखाती युद्धाच्या काळात परदेशी फौजा तिथे गोळीबाराचा सराव करत. त्या गेल्या. मागे न फुटलेले बॉम्ब, शिशाच्या गोळ्या आणि तेलाने काळी पडलेली वाळू राहिली. तिथे व्हिला उठणार होते. त्याआधी जमीन साफ करायची होती.

नाईक इब्राहिम माझ्याच कंपनीतला, म्हसळ्याचा. त्याला मीच बोलावून घेतलं. पाचला डिटेक्टर तपासायचे, सहाला लेनमध्ये, म्हणजे आखून घेतलेल्या अरुंद पट्टीत, उतरायचं, अकराला काम बंद. मग तंबूत तो गावच्या खाडीबद्दल बोलत बसायचा.

२००८ च्या मंदीत बिल्डरने काम सोडलं. आमच्या बारा जणांतले आठ घरी गेले. मग मॅनेजर म्हणाला, "थर्सडे तक पॅक करो. खलास."

कुंपणाबाहेर एक बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचं, कुटुंब उंट राखायचं. त्यांची जुनी विहीर कुंपणाच्या आत होती. पाणी तपासून झालं होतं, चांगलं निघालं. वाटेतली चाळीस मीटरची पट्टी तेवढी साफ करायची राहिली होती.

इब्राहिम म्हणाला, "साहेब, आपण गेलो की हे लोक पाण्यासाठी आत येणारच."

"ऑर्डर नाहीये."

"गुरुवारपर्यंत आहोत ना?"

मी हो म्हणालो. निर्णय माझा होता.

बुधवारी सव्वानऊला रेडिओ वाजला. "साहेब, सिग्नल आहे. मॉर्टरचा गोळा असावा."

"मार्क कर. मागे ये."

"करतोय. तुम्ही पुढे येऊ नका."

"रॉजर."

मिनिटभरात स्फोट झाला.

मी त्याच्याच लेनमधून चालत गेलो. अशा वेळी धावायचं नसतं. तो गेला होता.

साइट सील झाली. पुन्हा आत जायच्या परवानगीला अकरा दिवस लागले. उरलेले सहा मीटर मी साफ केले, मगच विमानात बसलो.

म्हसळ्याला त्याच्या बायकोने एकच विचारलं, "एकटेच होते काय ते?"

"पन्नास मीटरवर मी होतो, भाभी."

"मग बरं," ती म्हणाली.

एवढी वर्षं झाली. अजून काही घडलं की आधी मनात येतं, इब्राहिमला सांगायला हवं.