टाळीची जागा

छप्पन साली बौद्ध झाल्यावर गोविंदाने गावाचं डफडं चुलीत घातलं. महागावजवळच्या त्या गावात सणाला, मयताला डफडं वाजवणं त्याच्या घराकडे पिढ्यांपासून लावलेलं होतं. हातातला ताल मात्र कुठे जाळणार? त्याने ढोलकी घेतली आणि वस्तीची गायन पार्टी उभी केली.

बहीण प्रभावती गायची. तो तिला सांगायचा, "धृपद म्हंजे आपलं घर. कडवं म्हंजे बाहेर जाणं. कितीही दूर जाय, वापस यायची वेळ मी सांगतो." कडवं संपताना तो एकच तुकडा तीनदा वाजवायचा. तिसऱ्याच्या शेवटच्या थापेवर सगळी वस्ती धृपद उचलायची.

सत्तावन्नच्या पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले आणि वाजवणारा नव्हता. गावचा पाटील रामराव सहा माणसं घेऊन वस्तीत आला.

"काय बे गोविंद्या, पार्टीत हात चालते, बैलायले काहून नाही चालत?"

"हात माहे हायेत, रामराव."

"पाहू तं, कोनाचे हायेत."

त्यांनी त्याला पालथं पाडून उजवा हात पाट्यावर दाबला. प्रभावती धावली, तर केस धरून तिला भिंतीवर आपटलं. तिचं कपाळ फुटलं.

"वाजवतं काय?" रामरावने पहार उचलून विचारलं.

"नाही."

बोटं चेचली. परत तोच प्रश्न, तेच उत्तर. असं तीनदा झालं. मग त्यांनी कुऱ्हाडीने ढोलकी फोडली.

पुसदच्या दवाखान्यात गोविंदाची तीन बोटं कापावी लागली.

चार महिन्यांनी नवी ढोलकी आली. डाव्या हाताचा जाड धुम घुमायचा, पण उजव्या बाजूची बारीक थाप जिथे पडायची तिथे भोक पडल्यासारखं वाटायचं.

"लंगडी गाडी हाय हे," गोविंदा म्हणाला.

"तू धुम दे, दादा. बाकीची जागा आमी टाळीनं भरतो."

जयंतीची मिरवणूक रामरावच्या दारावरूनच निघाली. प्रभावतीचं शेवटचं कडवं चालू असताना माळवदावरून धोंडे आले. एक तिच्या खांद्याला लागला, आवाज तुटला. दुसऱ्याने गोविंदाची भुवई फोडली. डोळ्यात रक्त उतरलं, तरी त्याने तुकडा धरला. एकदा. दोनदा. लोकांनी डोक्यांवर धरलेले हात खाली घेतले.

तिसऱ्यांदा शेवटची टाळी सगळ्यांची एकदम पडली, आणि धोंड्यांत उभं राहून वस्तीने धृपद उचललं.