तपासणीच्या दिवशीची पेशंट

मुखेडच्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. कागदावर मात्र मी झाडणारी होते. लग्नानंतर तिथं पहिल्यांदा गेले ती झाडायलाच, तेव्हा कागद अगदीच खोटा नव्हता. डॉक्टर नवरा-बायको दोघं मिळून दवाखाना चालवायचे. मॅडमनी बघितलं, पोरगी दहावी पास आहे, रक्त बघून हात थरथरत नाही, आणि त्या मला शिकवत गेल्या. बीपी घ्यायचं, सलाईन लावायचं, टाके घालताना काय कधी पुढं करायचं. तेव्हा सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. ते मागायचे फक्त तपासणीवाले, म्हणून तपासणीच्या दिवशी मला बाहेर काढायचे.

याची आमच्याकडं ठरलेली रीत होती. तपासणी येणार असं कळलं की तारीख उलटलेली औषधं पोत्यात भरून गच्चीवर जायची. आग विझवायची लाल टाकी शेजारच्या दवाखान्यातून यायची, आणि लातूरहून एक शिकलेली पोरगी पांढरे कपडे घालून यायची. हजेरीपटावर वर्षभर तिचंच नाव, आणि बया दिसायची एक दिवस. त्या दिवशी डॉक्टरसाहेब मला म्हणायचे, "सिस्टर, तू जरा बाजार करून ये." बाजाराचा वार नसला तरी. मी एसटी स्टँडवर जाऊन कंधारच्या गाड्या बघत बसायचे आणि मनातल्या मनात शिव्या घालायचे. तोंड लपवायला मी काय कुणाचं घर फोडलं होतं? चार वाजता निरोप आला की परत जाऊन पदर खोचायचा आणि कामाला लागायचं.

मागच्या वर्षीची तपासणी मोठी होती. पास झालं की दारावर लावायला दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "एवढं पार पडू दे सिस्टर, मग तुझंही रीतसर करून टाकू. कोर्सला पाठवतो. बोर्डावर नाव लावतो."

माझी चाळिशी उलटलेली, पण मी विश्वास ठेवला. बोर्डावर नाव म्हणजे काय, ते स्टँडवर बसून दिवस काढलेल्या माणसालाच कळतं. घरी सांगितलं, तर सासूबाईंनी रविवारी विहारात चार बायकांना सांगून टाकलं की आमची सून आता कागदावरची सिस्टर होणार.

यावेळी बाजारात पाठवलं नाही. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, माणसं रानात, दवाखान्यात दोन खाटा रिकाम्या. रिकाम्या खाटा तपासणीवाल्यांना दिसायला नकोत. मॅडम म्हणाल्या, "तू झोप एका खाटेवर. डोक्यावरून पदर घे. अशक्तपणा आहे म्हणून सांग." आता काय बोलणार? म्हटलं, आपल्याच कामासाठी आहे, झोपू एक दिवस.

तपासणीला एक साहेब आणि एक बाई आल्या. कचऱ्याचे रंगीत डबे बघितले, हात धुवायची पाटी बघितली, लाल टाकीपुढं उभं राहून काहीतरी लिहून घेतलं. मग त्या बाई माझ्या खाटेशी थांबल्या आणि लातूरच्या पोरीला म्हणाल्या, "सिस्टर, यांना सलाईन लावून दाखवा."

पोरीचा चेहरा उतरला. माझ्या डाव्या हाताला तिनं रबरी नळी आवळली आणि सुई घातली. शीर चुकली. दुसऱ्यांदा घातली, तिथं टेंगूळ आलं. मला तिचा राग आला नाही, खरं सांगते. बिचारीनं आजवर प्लॅस्टिकच्या हातालाच टोचलं असेल. राग आला तो डॉक्टरसाहेबांचा. ते पायाशी उभे होते, एकोणीस वर्षं ज्या हातावर दवाखाना चालला त्याच हातात सुई चुकीची जाताना बघत होते.

पदराआडून मीच तिला हळू म्हणाले, "मनगटाच्या वर, अंगठ्याकडच्या बाजूला. डोळ्यानं बघू नको, बोटानं बघ. सुई तिरकी धर." तिसऱ्यांदा गेली. डॉक्टरसाहेब पुढं आले. "मावशी, तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?" मला ते पहिल्यांदाच तुम्ही म्हणाले.

मग त्या तपासणीच्या बाईंनी विचारलं, "मावशी, इथली सिस्टर कशी आहे?"

सांगता आलं असतं. हातावर तीन भोकं होती, पुरावा पांघरुणावरच पडलेला. पण मला बोर्ड दिसत होता. मी म्हणाले, "लई चांगली हाय. हात लई हलका हाय हिचा. सुई गेलेली कळतबी न्हाई." लिहिता येतं का, त्यांनी विचारलं आणि फॉर्म पुढं केला. उजवा हात मोकळा होता. मी लिहिलं, सिस्टरचा हात हलका आहे. हे पेशंट माझ्याबद्दल म्हणायचे. ते मी माझ्याच अक्षरात तिला देऊन टाकलं.

प्रमाणपत्र आलं, दारावर लागलं, पेढे वाटले. आठवड्यानं डॉक्टरसाहेबांनी आत बोलावलं. समोर तपासणीचा अहवाल होता. शिकलेल्या नर्सबद्दल पेशंट समाधानी आहेत, अशी नर्स कायम ठेवावी, असं त्यात लिहिलेलं. "आता ते न सांगता कधीही येतील," ते म्हणाले. "तू सापडलीस तर? ही जिम्मेदारी मी कशी घेऊ?"

"आणि कोर्स?"

"वयात बसत नाहीस. मी चौकशी केली होती."

"कधी? तपासणीच्या आधी का नंतर?"

त्यांनी अहवालाचं पान उलटलं. "आधी," म्हणाले.

कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. न शिकलेल्या बाईनं माझ्या लेकराला टोचू नये, असं मलाही वाटतं. पण मग एवढी वर्षं मुखेडच्या लेकरांना कोण टोचत होतं, आणि कुणाच्या हुकमानं? हे कुठल्या फॉर्मवर विचारत नाहीत.

आता मी घरीच असते. सासूबाईंना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. कोर्सचं पत्र यायचं आहे, तोवर थांबले आहे, असं त्यांना वाटतं.

परवा डॉक्टरसाहेबांचा फोन आला. इतक्या दिवसांनी नाव बघून बोर्डच डोळ्यापुढं आला, खोटं कशाला बोलू. "उद्या तपासणी आहे, आतून कळलंय," ते म्हणाले. "खाटा रिकाम्या आहेत. येशील का? तुला सगळं माहीत आहे."

"कोण म्हणून येऊ?"

"पेशंट म्हणून. आणखी कोण म्हणून?"

मी फोन बंद केला. सासूबाई समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टरचा होता का? बोर्डाचं झालं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "त्यांना पेशंट कमी पडलाय."