सह्या गोळा करणारे साडू

माझ्या साडूंनी ज्याची सही घेतली नाही असा माणूस महाड-पोलादपुरात सापडणं कठीण. सापडलाच, तर तो तान्हा तरी असेल किंवा नुकताच बदलून आलेला तरी. साडू महाड नगरपालिकेत घरकुलाच्या टेबलावर कारकून होते. घरकुलाचा निधी मिळायला जागा नावावर लागते, आणि आमच्याकडे जागा असते वारलेल्या आजोबांच्या नावावर, वारस असतात मुंबईला. सगळ्या वारसांचं संमतीपत्र आल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नाही. दुसरा कारकून असता तर त्याने 'त्रुटी' असा शेरा मारून फाईल परत केली असती. साडू वारसांच्याच मागे लागत.

मुंबईकर गणपतीला गावी येतात, म्हणून साडू त्या दिवसांत चौदा-चौदा घरांच्या आरत्यांना जात. गळा बरा होता, त्यामुळे कुणी हटकत नसे. आरती संपली की डाव्या हातात प्रसाद घेत आणि उजव्या हाताने खिशातून अंगठ्यासाठी शाईचं पॅड काढत. एका घरी मोदकावर निळा अंगठा उमटला, तोही त्यांनी मुकाट्याने खाल्ला. माझ्या मुलीच्या लग्नात पोलादपूरला त्यांनी जेवणाच्या पंगतीत तीन चुलतभावांच्या सह्या घेतल्या. ते भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पण जिलबी वाढली जात असताना पानावरून उठणार कसे? तेव्हापासून आमच्या मेहुणीबाई कुठल्याही कार्याला निघताना नवऱ्याचे खिसे तपासतात. हप्ते जोतं, लिंटेल, स्लॅब असे टप्प्याटप्प्याने मिळतात, त्यामुळे साडूंची भाषाही तशीच झालेली. मुलांची चौकशी केली की म्हणत, "थोरला स्लॅबपर्यंत आलाय, धाकटा अजून जोत्यावरच आहे."

सगळ्यात जास्त त्यांना दमवलं ते सुमनताईंच्या फाईलने. सुमनताई शाळेत पोषण आहार शिजवतात. नवरा गेल्यापासून बौद्धवाडीत पत्र्याच्या खोलीत राहतात. घरकुल मंजूर होतं, पण जागेवर विरारच्या दिराचंही नाव होतं, आणि त्या दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मार्चअखेर मंजुरी रद्द होणार होती. दीर गणपतीला येणारे नव्हते, पण वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, चवदार तळ्यावर मात्र दरवर्षी न चुकता येत. साडूंना हे ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्या दिवशी त्यांनी साक्षीदार म्हणून माझ्यासारख्या शाळामास्तराला पोलादपुराहून उचललं, सुमनताईंना बरोबर घेतलं, आणि त्या अफाट गर्दीत दोन तास हिंडून दिरांना शोधून काढलं.

संमती दिली म्हणजे हिस्सा जात नाही, हे साडूंनी त्यांना कागदावर बोट ठेवून समजावलं. दिरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हिस्स्याचं कळलं हो, साहेब," ते म्हणाले. "पन तिथं तिचं घर झालं की मी गावाला परकाच. आता निदान माझी जागा हाय असं सांगता तरी येतं."

 याला उत्तर दिलं सुमनताईंनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिरांशी बोलून.

"भावजी, आता येता तं हाटेलात जेवता नि सांजच्या गाडीनं परत जाता. घर झालं तं एखादा दिवस ऱ्हाल तरी."

दिरांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी पेन मागितलं. साडू इतके गडबडले की त्यांना पेनच सापडेना, शेवटी मी माझं दिलं.

त्यानंतर साडू निवृत्त झाले. सुमनताईंच्या भिंती उभ्या राहिल्या, पण पुढचा हप्ता वरूनच आलेला नाही, म्हणून स्लॅब अडकलाय. साडू अजून रोज पालिकेत जाऊन चौकशी करतात. त्यांच्या जागेवर आलेला नवा कारकून त्यांना पाहिलं की चहाला निघून जातो. या माणसाला आपण आयुष्यभर हसलो, याची मला हल्ली लाज वाटते.

यंदा मार्चात त्यांचा फोन आला. निधी आला असेल, असं मला वाटलं.

"निधी नाही हो, मास्तर," ते म्हणाले.  "सुमनताईंचे दीर आले होते. भिंतींवर ताडपत्री बांधून दोन दिवस तिथेच राहिले. आज भावजयीच्या हातचं जेवून गेले."