काकूचं दाभण

“आता भात काय वाऱ्यात शिजवू रे?” काकू नव्या नळापाशी उभी राहून ओरडत होती आणि नळ तिच्या तोंडावर फुसफुस हवा सोडत होता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. झऱ्याचं पाणी पाईपनं डोंगरावरून खाली आणायचं, असं वाडीच्या मुंबईतल्या मंडळानं ठरवलं. मंडळात सगळ्यात मोठा आवाज माझा, म्हणून इंजिनिअर मी आणला. त्यानं ड्रोन उडवला तेव्हा कशेडीपासून आंबेनळीपर्यंत एकाही कोंबडीनं आठ दिवस अंडं घातलं नाही. लेझरनं उतार मोजला, टॅबलेटवर डोंगर गरगर फिरवून दाखवला. आमचा डोंगर इतका गुळगुळीत मी जन्मात पाहिला नव्हता.

त्या भरवशावर काकूनं सकाळीच आपली चुंबळ चुलीत घातली. चाळीस वर्षं हंड्याखाली डोक्यावर बसलेली ती कापडाची वळी. जळताना सगळ्या बायकांना बोलावून दाखवली. “पुन्हा हंडा डोक्यावर घेतला तर तोंड दाखवायची नाय,” म्हणाली. आता त्याच बायका नळाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होत्या.

“माझी चुंबळ देऊ का गो काकू, उद्यापुरती?” शेजारणीनं विचारलंच.

इंजिनिअर टॅबलेटवर बोटं फिरवत होता. “प्रेशर पुरेसं आहे. इथं तर पाणी येतंय.”

“मग हंडा तिथं लावा,” काकू म्हणाली. घरातून दाभण घेतलं आणि पाईप धरून डोंगर चढायला लागली. मी आणि इंजिनिअर तिच्यामागे.

वाडीत कुणाच्या म्हशीचं पोट फुगलं की काकूला बोलावणं येतं. ती कुशीवर टिचक्या मारते, ढोलासारखं वाजेल तिथं दाभण खुपसते. वारा सुटतो, म्हैस उठते. तशीच ती प्लास्टिकच्या काळ्या पाईपवर टिचक्या मारत निघाली. ठप, ठप, ठप. एका खडकावर पाईप चढून पुन्हा उतरत होता. इंजिनिअरच्या डोंगरात हा खडक नव्हताच. तिथं वाजलं, ढम. काकूनं मूठभर पाचोळा पेटवून दाभण लाल केलं आणि खुपसलं.

पाईपनं असा सुस्कारा टाकला की माझी टोपी उडाली ती सावित्री नदी ओलांडून महाडच्या एसटी स्टँडवर उतरली. मागोमाग पाण्याची चिळकांडी. काकूनं करवंदीची काडी तासून भोकात ठोकली. तेवढ्यात खाली वाडीतून आरोळी उठली, पाणी आलं.

आम्ही पोचलो तेव्हा हंडा भरून वाहत होता. काकूनं तो कमरेवर घेतला, मुद्दाम शेजारणीसमोरून मिरवला आणि दहा पावलांवरच्या आपल्या दारात नेऊन ठेवला.

इंजिनिअर टॅबलेट काखेत मारून तिच्यामागे गेला. “मावशी, पाईपात हवा अडकलीय हे ओळखायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

“म्हशीनं,” काकू म्हणाली.