बंड्याला रोज दोन थेंब

आमच्या बंड्याला आजाराने मारलं नाही. आम्ही मारलं. इम्पोर्टेड बाटलीने.

बंड्या म्हणजे आमचा कॉकाटील, पोपटाच्याच जातीतला छोटा पक्षी. राखाडी अंग, पिवळा तुरा, आणि गालांवर दोन केशरी ठिपके, शाळेच्या गॅदरिंगला कोणी रूज लावून उभं केल्यासारखे.
सात वर्षं मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत राहिला. आज त्याला जाऊन महिना झाला.

रडून झालंय. ही पोस्ट रडण्यासाठी नाही.

आमच्या एरियातल्या पक्षीप्रेमींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचे अ‍ॅडमिन एक रिटायर्ड गृहस्थ. नाव लिहीत नाही, त्यांना प्रसिद्धी आवडते.
पक्ष्यांचं शिक्षण शून्य, पण बोलणं असं की डॉक्टरांनीही वहीत लिहून घ्यावं. स्वतःच्या घरी एकही पक्षी नाही. "पूर्वी होते" म्हणतात.
किती होते आणि त्यांचं काय झालं, हे कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

बंड्या जन्मभर राळं आणि सूर्यफुलाच्या बियाच खात आला. भाजी ठेवली की वाटी उलटी करायचा. त्याची पिसं निस्तेज दिसायला लागली, म्हणून मी ग्रुपवर विचारलं. अ‍ॅडमिनचं उत्तर लगेच आलं.

"मॅडम, कॉड लिव्हर ऑइल. रोज दोन थेंब दाण्यावर. डोळे झाकून द्या."

मी खरंच डोळे झाकून दिले. बाटलीवरचा डोस माणसांसाठी होता, तेवढंही वाचलं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून त्याच माशाच्या तेलाचा चमचा द्यायच्या. नाक दाबून गिळायचं आणि "थँक यू, सिस्टर" म्हणायचं. इतकं घाण लागतं म्हणजे ते चांगलंच असणार, ही श्रद्धा तेव्हापासूनची.
मुलीचा चमचा आणि शंभर ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या जिवाचे दोन थेंब, हे गणितही त्याच शाळेत शिकवलं होतं. ते मात्र मी केलं नाही.

सुधीर, माझा नवरा, रोज चेष्टा करायचा.
"काय गं, तळतेस का त्याला?"
"तू गप रे. तुला काही पडलेलं नाही त्याचं."
"मला भज्यांचं पडलंय. तेल उरव थोडं."

दोन आठवड्यांनी बंड्या सारखं पाणी प्यायला लागला. पिंजऱ्यातला पेपर ओलाच्या ओला. पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहायचा.
पुन्हा ग्रुपवर विचारलं.

"पाणी पितोय म्हणजे तेल लागू पडलं, मॅडम! बॉडी डिटॉक्स होतेय. बंद करू नका."
खाली अंगठ्यांची रांग. सगळे सुशिक्षित अंगठे.

मी बंद केलं नाही.

एका सकाळी तो दांडीवरून खाली पडला. आम्ही रिक्षा करून घाटकोपरला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पिंजरा सुधीरच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी पिंजरा वर उचलून धरत होता.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिने बंड्याला टॉवेलमध्ये घेतलं, पोट चाचपलं.
"काय काय देता याला?"
मी तेलाचं सांगितलं. रोज दोन थेंब, दाण्यावर.
"आणि पाण्यात काही?"
"नाही, पाण्यात काहीच नाही."

सुधीर खाली बघून म्हणाला, "पाण्यात मी घालतो."

"काय घालतोस?"

"व्हिटॅमिनचे ड्रॉप्स. तू आंघोळीला गेलीस की. सुस्त दिसायला लागला ना तो... मग मी अ‍ॅडमिनना पर्सनल मेसेज केला."
"मला का नाही सांगितलंस?"
"तेच म्हणाले, मिसेसना सांगू नका. लेडीज घाबरतात, मधेच बंद करतात."

म्हणजे त्या गृहस्थांना माहीत होतं. घर एक, पक्षी एक, डोस दोन.

डॉक्टरने समजावलं. तेलात आणि ड्रॉप्समध्ये, दोन्हीत A आणि D ही व्हिटॅमिन्स असतात, आणि ती अंगात साठत जातात. फार झाली की लिव्हर, किडनी खराब होते. किडनी बिघडली की तहान लागते.
आणि तहान लागली की आमचा बंड्या तेच पाणी प्यायचा, ज्यात सुधीरने आणखी D घातलेलं असायचं.

"आधी तपासून घ्यायचं होतं. मग गाजर, पालक, हळूहळू सवय लावून. बहुतेकांना तेवढं पुरतं," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या सुधीरच्या तळहातावर गेला.

मी ग्रुपवर कळवलं. अ‍ॅडमिनचं उत्तर जपून ठेवलंय.
"ओम शांती. इम्युनिटी वीक होती. तेल उशिरा सुरू केलंत."

मी विचारलं, एकाच पक्ष्याला दोघांच्या हातून औषध कसं दिलंत? मला ग्रुपमधून काढलं.
आमच्या हातून झालं त्याची लाज वाटते. त्या माणसाची किळस येते.

सुधीर महिनाभर याविषयी एक शब्द बोलला नव्हता. तो अजून त्या ग्रुपवर होता, का ते मी विचारलं नाही.

आज सकाळी तिथे एका मुलीने लव्हबर्डचा फोटो टाकला. थोडा सुस्त वाटतो, काय देऊ? लगेच अ‍ॅडमिनचा चार्ट हजर. तेल, ड्रॉप्स, खाली जोडलेले हात.

सुधीरने चहा बाजूला ठेवला आणि एका बोटाने टाइप केलं.
"बेटा, यातलं काही देऊ नकोस. आधी डॉक्टरला दाखव. मी हेच देऊन माझा मारलाय."

त्यालाही काढलं. पण त्या मुलीने वाचलं होतं. पाच मिनिटांत तिचा फोन आला, "काका, कुठले डॉक्टर?"
सुधीरने पत्ता सांगितला. कसं जायचं ते सांगितलं. मग परत एकदा पत्ता सांगितला. फोन ठेवून तो ओट्याशी उभा राहिला आणि महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने रडला.

बंड्या, तुझी माफी मागतो रे. दोघंही.
सुखात राहा, राजा.